बिनटाक्याची नसबंदी: सेवेला चार तारे, पोस्टरला शून्य

कुठल्या हॉटेलची मिसळ कशी आणि कुठल्या मेकॅनिकनं गाडी कशी वाट लावून दिली, यावर लोक पानंच्या पानं लिहितात. पुरुष नसबंदीवर मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. मी करून घेण्याआधी मोबाइलवर खूप शोधलं. डॉक्टरांचं लिहिलेलं सापडलं, सरकारी माहितीही सापडली. पण स्वतः टेबलावर झोपून आलेल्या माणसानं चार ओळी मराठीत लिहिल्यात, असं काही मिळालं नाही. म्हणून आता मीच लिहितो.

मी नगरपालिकेत व्हॉल्व्हमन आहे. गावाच्या भाषेत, पाणी सोडणारा. वय ३७, दोन मुली. दुष्काळी पट्ट्यातलं तालुक्याचं गाव आहे. नाव सांगत नाही, कारण पगार तिथूनच होतो आणि दवाखानाही तिथलाच.

धाकटीच्या वेळी बायकोचं सिझर झालं. तिचं हिमोग्लोबिन तेव्हा आठच्या आसपास होतं. खाटेजवळ सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, "ताई, दुसरी वेळ आहे, पिशवीची नळी बांधून टाकायची का लगेच?" मी तिथंच डबा हातात धरून उभा होतो, पण माझ्याकडं कुणी बघितलं पण नाही. बायको म्हणाली, "आत्ता नको." घरी आल्यावर मी म्हणालो, मी करतो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अहो, बोललात ना, आता मागं फिरू नका."

आईनं ऐकलं आणि घर डोक्यावर घेतलं. "आरं, बाप्या मानसाचं काम हाय का ह्ये? रोज लोखंडाची चावी फिरवतूस, अंगात बळ ऱ्हाईल का?" बायको आतून म्हणाली, "आई, माझ्या अंगात किती ऱ्हायलंय ते बी बघा की." त्यावर आई गप्प झाली. पटलं नव्हतं तिला, पण गप्प झाली.

आमच्या गल्लीच्या आशाताईंना विचारलं तर त्यांचा विश्वासच बसेना. त्या म्हणाल्या, "भाऊ, नऊ वर्षांत माझ्याकडनं एकही पुरुष गेला नाही." त्यांची चूक नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा आकडाच तसा आहे: देशात ३७.९ टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं, आणि पुरुषांची नसबंदी ०.३ टक्के. महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या बायकांचं झालेलं आहे. बाईचं पोट उघडावं लागतं, पुरुषाला सुईएवढं भोक पुरतं, आणि तरी हिशेब हा असा.

दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो. त्यातलाच एक मंगळवार धरून गेलो. केसपेपर साडेनऊला. खिडकीवरच्या माणसानं मोठ्यानं विचारलं, "काय होतंय?" मागं रांगेत आमच्या वॉर्डातली सहा माणसं. मी म्हणालो, "नसबंदी." तो म्हणाला, "बायकोचं नाव सांगा." मी म्हणालो, "माझी." त्यानं चष्मा काढून बघितलं. रांगेत एकदम शांतता. पाणी चार दिवस आलं नाही तरी आमचं गाव इतकं शांत होत नाही.

मग रक्त, लघवी, शुगर, बीपी. मग संमतीपत्र. ते मात्र सिस्टरनी नीट वाचून दाखवलं: कायमची आहे, उलटी फिरवता येईल याची खात्री नाही, फसली तर भरपाईची योजना आहे, लगेच लागू होत नाही. याबद्दल पूर्ण मार्क. माझ्या एका मेहुणीच्या वेळी शिबिरात नुसता अंगठा घेतला होता. शिबिरं म्हणजे काय होतं, ते २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरला दिसलं. काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं एका शिबिरात उरकली आणि डझनाहून जास्त बायका दगावल्या. २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं बंद करायला सांगितलं.

सगळं होऊन मी बाकड्यावर बसलो. डॉक्टरसाहेब सिझरला होते, त्यामुळं अडीच तास तिथंच. समोर भिंतभर पोस्टर. खाली भेगाळलेली जमीन, वर माणसांची खच्चून गर्दी, मध्ये वाळलेलं झाड, आणि अक्षरं: लोकसंख्या आवरा, पर्यावरण वाचवा. गर्दीतली माणसं बघितली तर टोपीवाली, लुगड्यातली, कडेवर पोर घेतलेली. एकाच्याही हातात गाडीची चावी नव्हती. अडीच तासात ते पोस्टर माझ्या डोक्यात जाऊन बसलं, त्याबद्दल पुढं सांगतो.

आधी ऑपरेशन. ज्याला फक्त तेवढंच हवंय त्यानं एवढंच वाचावं.

घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. टेबल थंड, एसीही चालू. कातडी बधिर करायचं इंजेक्शन देतात तेव्हा मुंगळा चावल्यासारखं होतं, दोनदा. त्यानंतर दुखत नाही. पण आतून कुणीतरी दोरी ओढतंय असं ओटीपोटात जाणवतं, आणि ती ओढ विचित्र असते. डॉक्टर बोलत होते, कुठला व्हॉल्व्ह, कुठली टाकी, त्यांच्या क्वार्टरला पाणी कमी का येतं. (हे मात्र नको होतं. मी त्या अवस्थेत काय उत्तर देणार?) कात्रीसारख्या टोकदार चिमट्यानं कातडीला एकच बारीक भोक पाडतात आणि त्यातून दोन्ही बाजूंच्या नळ्या आळीपाळीनं बाहेर काढतात. चीनमध्ये डॉ. ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये काढलेली ही पद्धत, असं डॉक्टर म्हणाले. मला विचारलं, बघायची का? मी मान वर केली. पांढरी, हातशेवईच्या जाड काडीएवढी. एवढ्याशा काडीसाठी आईनं आठ दिवस जेवण कमी केलं होतं. ती काडी बांधली, मधला तुकडा कापला. पंधरा मिनिटं. टाका नाही, वर नुसती पट्टी.

मला ते लगेच समजलं, कारण आमच्या कामासारखंच आहे. पंप चालू, टाकी भरलेली, मोटारीला धक्का नाही, फक्त एक लाइन डमी मारून बंद. ताकद जाते म्हणणाऱ्यांना मी आता हेच सांगतो. पुरुषपण ज्यानं राहतं ते रक्तातून जातं, त्या लाइनीतून नाही.

आणि लाइन बंद केली तरी आतलं पाणी असतंच. मी व्हॉल्व्ह बंद करतो तेव्हा शेवटच्या नळाला पुढं पंधरा मिनिटं धार येत राहते. तसंच इथं. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासायचं, शुक्रजंतू शून्य आले की मगच प्रमाणपत्र. सिस्टरनी निरोधचं मोठं पाकीट फुकट दिलं. बरेच जण हे तीन महिने पाळत नाहीत आणि मग नसबंदीला शिव्या देतात, आणि बायकोवर संशय घेतात ते वेगळंच.

तासाभरानं चालत बाहेर आलो. दोन दिवस दुखलं, सायकलवरून पडल्यावर दुखतं तेवढं. घट्ट चड्डी लागते, ती घरूनच न्या, तिथं मिळत नाही. आठवडाभर जड उचलायचं नाही, त्यामुळं माझी ड्युटी कामावरच्या जोडीदारानं केली. त्याला मी हर्निया सांगितलं होतं. त्याला दुसऱ्याच दिवशी खरं कळलं, केसपेपरच्या रांगेची कृपा. पैसे मिळतात, १४५१ रुपये. बाईला दारिद्र्यरेषेखालची असेल तर सहाशे, नसेल तर अडीचशे. हे उलटं का, ते विचारू नका. पुरुष येत नाहीत म्हणून. माझे खात्यावर जमा व्हायला अडीच महिने आणि चार हेलपाटे लागले. बँकेच्या पासबुकावर नावात काना राहिला होता म्हणे. नेऊन आणणाऱ्या आशाताईंना दोनशे मिळतात. ते त्यांना आधी मिळाले, याचा मला आनंदच आहे.

आता पोस्टर.

मी रोज पहाटे साडेचारला दोन लाख लिटरच्या टाकीखाली उभा असतो. त्या टाकीवर दोन लाइनी निघतात. एक जाते जुन्या गल्लीत. तिथं नऊशेच्या आसपास माणसं, घरात सहा-सहा, सात-सात. दुसरी जाते नव्या सोसायटीत. तिथं २२ बंगले, माणसं सगळी धरून सत्तर. एकेक पोर, कित्येकांचं तेही पुण्याला नाहीतर परदेशात. पाणी एक दिवसाआड. गल्लीला साठ हजार लिटर जातं, सोसायटीला तीस हजार. भागाकार तुम्हीच करा. गल्लीतल्या माणसाला दिवसाला ३३ लिटर, बंगल्यातल्या माणसाला २१४. शहराच्या योजनेला माणशी १३५ लिटरचा हिशेब धरतात, जलजीवन मिशनमध्ये खेड्याला ५५. गल्ली खेड्याच्याही खाली आहे. सोसायटीत लॉन आहे, गाड्या पाइपानं धुतात, आणि लाइनीला थेट मोटार लावलेली चौदा घरं मी स्वतः मोजलीत. मोटार जप्त करायला गेलो की नगरसेवकाचा फोन येतो.

पोस्टरवर गर्दी आहे ती गल्लीची. पाणी संपवणारे त्यात नाहीत.

पण मी हेही मान्य करतो की संख्येला काहीच अर्थ नाही असं नाही. पाणीपुरवठ्याची लाइन तीस वर्षांचा अंदाज धरून टाकतात, पंप पंधरा वर्षांचा. आमची योजना १९९१ च्या जनगणनेवर बसवलेली. ती माणसं आता दुपटीच्या पुढं गेलीत आणि लाइन तीच. जास्त माणसं म्हणजे जास्त नळ, हे मला कुणी शिकवायला नको. फक्त आमच्या गावची माणसं वाढली ती पाळण्यातून कमी आणि एसटीतून जास्त. वरच्या वाड्यांवर विहिरी आटल्या, लोक खाली आले. म्हणजे पाणी संपलं म्हणून गर्दी झाली. पोस्टर त्याच्या बरोब्बर उलटं सांगतंय.

आणि एक बघा. माझ्या आजोबांच्या वाड्यात चौदा माणसं होती, नळ एक, संडास एक, फ्रीज नव्हता. आज त्याच जागेवर चार चुलतभावांची चार घरं आहेत आणि माणसं तेरा. एक कमी झालं! नळ अकरा, संडास सात, फ्रीज चार, मोटारसायकली सहा, बोअर दोन. दोन्ही बोअर मार्चमध्ये कोरडी पडतात. आमच्या घराण्यानं कुटुंबनियोजन अगदी चोख केलंय.

२०१९-२१ च्या त्याच पाहणीत महाराष्ट्रात बाईमागे सरासरी मुलं १.७ होती, देशात २. म्हणजे पोस्टरनं जे मागितलं ते घडून गेलेलं आहे. तरी माणसं वाढतायत, कारण लाइनीत पाणी आहे: आधी जन्मलेली पोरं आता आईबाप होतायत. ती धार पुढची काही वर्षं येत राहणारच, व्हॉल्व्ह कितीही आवळा. पण या उन्हाळ्याच्या पाण्याचा प्रश्न त्या व्हॉल्व्हनं सुटत नाही. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. म्हणजे माझ्या अडीच टाक्या. तेव्हाही लातूरकरांना पोरं जास्त झाली म्हणून रेल्वे गेली नव्हती. राज्यात ऊस जमीन खातो चारेक टक्के आणि सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून मोठा घास. भिंतीवर उसाचं पोस्टर मी तरी अजून बघितलं नाही. आमच्याकडं कोण लावणार ते?

माझा साडू अमेरिकेत टेक्सासला असतो. त्याला कळल्यावर त्यानं अभिनंदन केलं आणि एक कागद पाठवला: स्वीडनमधल्या एका विद्यापीठातल्या लोकांनी २०१७ मध्ये मांडलेला हिशेब, की एक मूल कमी केलं तर वर्षाला ५८.६ टन कार्बन वाचतो. मी दोन दिवस त्याच्यावर डोकं घातलं. आपल्या देशात माणशी वर्षाला साधारण दोन टन निघतो, अमेरिकेत चौदाच्या आसपास. मग माझ्या न झालेल्या पोराच्या नावावर ५८.६ आले कुठून? तर तो हिशेब श्रीमंत देशांचा, आणि त्यात पोराचं, पोराच्या पोराचं, त्याच्याही पोराचं वाटावाटानं आजच तुमच्या नावावर चढवलेलं. आमच्याकडं सावकार असं करायचा, आजोबाचं कर्ज नातवावर. इथं नातवाचं आजोबावर. मी साडूला लिहिलं, "दाजी, तुमच्या दोन गाड्या आणि मी, बरोबरीत येऊ." त्यानं अंगठा पाठवला.

या सगळ्यावरून मला गंमत वाटत नाही, भीती वाटते. कारण "पर्यावरणासाठी", "देशासाठी" असं म्हटलं की पुढं कुणीतरी कोटा घेऊन येतो. आमच्या खात्यातून निवृत्त झालेले एक आप्पा आहेत, ते अजून १९७६ चं, आणीबाणीतलं सांगतात. बार्शीला त्या जानेवारीत बाजाराला आलेल्या खेडुतांना धरून नसबंदी केली, आणि माणसं गोळा करायला नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाड्या वापरल्या. आमच्यासारख्याच नगरपालिकेच्या. त्या एका वर्षात देशात ६२ लाख पुरुषांची नसबंदी झाली. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर त्याच साली सक्तीचं विधेयकही मंजूर केलं होतं, ते राष्ट्रपतींच्या सहीविना राहिलं. पुरुष आजही त्या केसपेपरच्या खिडकीशी जात नाहीत याला ती कचरागाडी कारण आहे, असं आप्पांचं मत, आणि मला ते पटतं. धरून नेलं नसतं तर कदाचित निम्म्या बायकांची पोटं वाचली असती.

याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं होतं, कुठल्याही कोट्याशिवाय. त्यापायी प्राध्यापकी गमावली. ते बाईच्या शरीराबद्दल बोलत होते, धरणाच्या पातळीबद्दल नव्हे. त्या भिंतीवर चौथ्या बाळंतपणाला पांढरी पडलेली एक बाई काढा आणि शेजारी तिच्या नवऱ्याला काढा, केसपेपर हातात घेऊन. त्या पोस्टरखाली मी अडीच काय पाच तास बसेन.

तर मार्क. डॉक्टर आणि ऑपरेशन, पाचपैकी पाच. सिस्टर पाच. केसपेपरची खिडकी दोन, कारण कुणाचा आजार सगळ्या रांगेला ऐकवायचा नसतो. पैसे एक. एकूण चार धरा, कारण शेवटी जे करायला गेलो ते उत्तम झालं आणि खिशातून चहाचे वीस रुपये गेले.

राहिली वीर्यतपासणी. ती या दवाखान्यात फक्त गुरुवारी होते. मार्चमध्ये गेलो. लॅबवाल्यानं डबी दिली आणि कोपऱ्यातल्या संडासाकडं बोट केलं. संडासाला कडी नव्हती. वॉर्डातले मामा म्हणाले, "तुम्ही जावा आत, मी दाराला टेकून उभा ऱ्हातो." मामा टेकून उभे राहिले आणि बाहेर येणाऱ्या-जाणाऱ्याशी मोठ्यानं उसाच्या बिलाबद्दल बोलत राहिले. त्या परिस्थितीत डबी भरणारा माणूस म्हणून मला वेगळं प्रमाणपत्र मिळायला पाहिजे. असो. अहवाल शून्य आला. प्रमाणपत्र बायकोनं रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं, आईनं ते एकदा उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "फोटू बरा आलाय."

प्रमाणपत्र घेतानाच सिस्टरनी सूचनांची वही पुढं केली होती. मी दोन ओळी लिहिल्या: पोस्टर बदला, संडासाला कडी लावा. परवा पाणी सोडताना आशाताई भेटल्या. कडी लागली म्हणाल्या. पोस्टर आहे तसंच आहे.